जिल्ह्याचे निर्बंध जाचक वाटल्यास निवेदन कसे तयार करावे

करोनाच्या साथीतील निर्बंधांमुळे ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्राचे दोन भाग पडले होते. २ ऑगस्टच्या आदेशाने बहुतेक जिल्ह्यांतील दुकानांना सोमवार ते शुक्रवार रात्री आठपर्यंत मुभा मिळाली आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहमदनगर, बीड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड व पालघर हे अकरा जिल्हे निर्बंधांच्या पाच स्तरांपैकी तिसऱ्या स्तरावरच राहिले. तेथे दुपारी चार वाजता शटर ओढावे लागे. आमचे कापडाचे दुकान तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. नागपंचमी १३ तारखेला होती, माहेरवाशिणींसाठी साड्यांची खरेदी सुरू झाली होती, आणि आमचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक आमच्या बंद दुकानावरून पुढे जाऊन नाशिक जिल्ह्यातील येवल्याला कापड घेत होते. एके दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी एक आजी नातवाच्या बारशासाठी टोपडे-कुंची घ्यायला आल्या. सकाळची धार आणि रानातली भांगलण उरकून दुपारच्या एसटीने आलेल्या त्या बाईंना अर्ध्या शटरखालून ‘उद्या या’ असे सांगावे लागले, ते अजूनही विसरता येत नाही.

संताप रास्त होता. परंतु त्या काळात व्यापारी संघटनेतर्फे तीन निवेदने लिहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, निर्बंध आकड्यावर उभे असतील तर मागणीही आकड्यावरच उभी राहिली पाहिजे, आणि ती ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापर्यंतच गेली पाहिजे. पुन्हा अशी वेळ येऊ नये ही प्रार्थना; आलीच, तर पुढील मार्ग उपयोगी पडेल.

प्रथम मूळ आदेश मिळवावा. बातमी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश यांवर विसंबू नये. आदेशात तीन गोष्टी शोधाव्यात: निर्बंध कोणत्या निकषावर लावले आहेत, निकष मोजण्याचा घटक कोणता आहे (जिल्हा की महापालिका) आणि फेरविचार केव्हा होतो. ४ जून २०२१ च्या आदेशात हे सर्व स्पष्ट होते. बाधित होण्याचा दर (चाचण्यांपैकी बाधित आढळणाऱ्यांचे प्रमाण) पाच टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला, म्हणजे सर्वांत सैल स्तर. दर पाच ते दहा टक्के किंवा चाळीस टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असतील तर तिसरा. दर वीस टक्क्यांच्या वर किंवा पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असतील तर पाचवा. दर गुरुवारी आरोग्य विभागाने आकडे जाहीर करायचे आणि सोमवारपासून नवा स्तर लागू करायचा, अशी ती रचना होती. त्यामुळे निवेदन शुक्रवारी नेण्यापेक्षा बुधवारपूर्वी पोहोचवणे शहाणपणाचे ठरत असे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तेथेच आमची चूक झाली. आमचे पहिले निवेदन आम्ही तालुक्याच्या ठिकाणी दिले. ते स्वीकारले गेले, पण वेळ बदलण्याचा अधिकार तेथे नव्हताच. दुसरे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे दिले, कारण आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तेही अपुरे पडले. २५ जूनच्या सुधारित आदेशाने, डेल्टा प्लस या करोना विषाणूच्या नव्या उपप्रकाराच्या भीतीमुळे, दर कितीही खाली आला तरी कोणत्याही जिल्ह्याने तिसऱ्या स्तराच्या खाली उतरायचे नाही, असे ठरले होते. जिल्हाधिकारी निर्बंध वाढवू शकत होते. चारचे आठ करणे त्यांच्या हाती नव्हते. तो निर्णय राज्याचा होता आणि त्यासाठी मुख्य सचिव, जे राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष असतात, त्यांच्या नावे मागणी जायला हवी होती. जुलैमध्ये राज्यभर जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर किती घोषणा झाल्या आणि त्यातील किती चुकीच्या दारात झाल्या, याचा विचार केला की आजही वाईट वाटते. म्हणून जिल्ह्याला मुभा असेल तर जिल्हाधिकारी, स्वतंत्र घटक मानलेल्या महापालिकेत आयुक्त, आणि राज्याने खालची मर्यादा बांधली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मुख्य सचिव, असा पत्ता आदेश वाचूनच ठरवावा.

मग आकडे जमवावेत. २५ जूनच्या आदेशानुसार केवळ आरटीपीसीआर चाचण्यांचा दर धरला जाणार होता, त्यामुळे अँटिजेन चाचण्या मिसळून काढलेला दर निवेदनात दिला की ते तेथेच बाद होई. दर कसा निघतो हे समजून घ्यावे. हजार चाचण्यांत ऐंशी बाधित आढळले तर तो आठ टक्के होतो. केवळ लक्षणे असलेल्यांचीच चाचणी झाली तर तो फुगतो आणि लक्षणे नसलेल्या अनेकांची तपासणी केली तर तो उतरतो. याच कारणासाठी काहींनी चाचण्यांची संख्या वाढवून दर खाली आणण्याची मागणी केली होती. चाचण्या वाढाव्यात हे योग्यच आहे, पण आकडा सजवण्यासाठी नव्हे, आजार लवकर सापडावा म्हणून. स्तर खाली आणण्यासाठी मागील दोन आठवड्यांचा कल पाहिला जात असल्याने एका चांगल्या आठवड्याचा आकडा न देता सलग दोन आठवड्यांचे आकडे तारखांसह द्यावेत.

शासनाकडे नसलेला आकडा मात्र आपल्याकडे असतो. चारला दुकान बंद करावे लागल्याने गर्दी घटली नव्हती, ती आखडली होती. हे नुसते म्हणून चालले नसते, म्हणून आम्ही पेठेतील दुकानदारांनी एक आठवडा साध्या वहीत तासातासाला आलेल्या गिऱ्हाइकांच्या रेघा ओढल्या. तीन ते चार या एका तासाच्या रकान्यात रेघा दाटीवाटीने बसल्या होत्या आणि अकरा ते एकचे रकाने जवळजवळ रिकामे होते. त्या पानांची छायाप्रत जोडलेले आमचे तिसरे निवेदन पहिल्या दोहोंपेक्षा लक्षपूर्वक वाचले गेले, कारण वेळ वाढवली तर गर्दी विरळ होईल हा मुद्दा त्यातून डोळ्यांना दिसत होता.

निवेदन एका पानाचे असावे. विषयाखाली संदर्भ म्हणून आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहावा, मागणी एकच ठेवावी आणि तिची व्याप्ती नेमकी सांगावी. ‘निर्बंध उठवा’ असे लिहिण्यापेक्षा ‘सोमवार ते शुक्रवार दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत करावी’ असे लिहिल्यास अधिकाऱ्याला होय किंवा नाही म्हणता येते. त्यापुढे आपण काय करू हे नोंदवावे: एका वेळी किती गिऱ्हाईक आत घेणार, कर्मचाऱ्यांच्या लसीच्या मात्रा कधी पूर्ण होणार, दर पुन्हा चढल्यास कोणती मर्यादा स्वतःहून पाळणार. ज्या जिल्ह्यात माणसे खाटेसाठी रात्र रात्र फिरली, तेथे या ओळींशिवाय दिलेले निवेदन केवळ गल्ल्याची काळजी वाटते, आणि तसे वाटणे चूक नाही.

लहान घटकाची मागणी करावी की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना स्वतंत्र घटक मानले होते. ९ ऑगस्टपासून पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांना आठपर्यंत वेळ मिळाली तेव्हा पुण्याचा ग्रामीण भाग मागे राहिला, याचे मूळ याच विभागणीत होते. नगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात एका टोकाच्या तालुक्यातील साथीचे ओझे दुसऱ्या टोकाने का वाहावे, हा प्रश्न योग्यच आहे. तथापि तालुका हा घटक मागणाऱ्याने उद्या आपल्याच तालुक्यात दर चढला तर शेजारी उघडा असताना आपण बंद राहू, हे लेखी मान्य करावे. आम्ही ते लिहिले, आणि दोन सभासदांनी त्यामुळे सही नाकारली.

निवेदन दोन प्रतींत न्यावे, आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा, आणि जिल्हा शल्यचिकित्सक, पालकमंत्री व स्थानिक आमदार यांना प्रत पाठवावी. शासनाच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. निवेदन मराठीतच लिहावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने तो हक्क दिला आहे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करून, स्तर ठरवताना कोणते आकडे धरले गेले याची मागणी करावी. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयापुरता व दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे त्याची वाट पाहत मूळ पाठपुरावा थांबवू नये.

दुकान उघडे ठेवून आदेश झुगारण्याचा मार्ग पुण्यातील व्यापाऱ्यांनी त्या ऑगस्टमध्ये धरला होता. त्यांची अगतिकता मला समजते, पण आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि तो भार संघटनेवर नव्हे, एकेका दुकानदारावर पडतो. बंद शटरसमोर मास्क लावून, अंतर राखून, हातात निवेदनाची प्रत घेऊन उभे राहणारे पाच जण अधिक काळ टिकतात. न्यायालयात जायचेच असेल तर दिवाणी दाव्यात वेळ घालवू नये. या अधिनियमाखालील कारवाईविरुद्ध उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय वगळता अन्य न्यायालयांना दाद घेता येत नाही, आणि तेथे रिट याचिका दाखल करताना आवक क्रमांकाची तीच प्रत आणि तीच वही पुरावा म्हणून जोडावी लागते.

१५ ऑगस्टपासून राज्यभर दुकाने रात्री दहापर्यंत उघडी ठेवता आली. त्यानंतरही तीन आठवडे आम्ही वहीत रेघा ओढत राहिलो, कारण दिलेला शब्द पाळला की नाही हे कोणी विचारले असते, तर दाखवायला ती पाने हवी होती.