तालुक्याच्या गावात जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला लागताय? आधी फोन घ्यायला शिका

सिन्नर, निफाड, दिंडोरी, घोटी, कुठंही जनावरांच्या प्रायव्हेट डॉक्टरकडे मदतनीस म्हणून लागणार असाल तर इंजेक्शन भरायच्या आधी फोन घ्यायला शिका, कारण निम्मं काम तिथंच होतं. डॉक्टर एका वस्तीवर असतात, इकडं फोन येतो "दादा, गाय खात नाही, सायबांना लवकर पाठवा", आणि तुम्ही "बरं पाठवतो" म्हणून ठेवून दिला तर डॉक्टरांनी काय समजायचं? आधी कुठं जायचं हे त्यांनी तुमच्या चिठ्ठीवरूनच ठरवायचं असतं.

म्हणून विचारायचं. व्यायली कधी, वार पडली का, रवंथ करते का, शेण कसंय, दूध एकदम तुटलं की हळूहळू, उभी आहे की बसलीये. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यावर एकदोन दिवसात बसली, उठेना, कान गार लागतात, मान कुशीकडं वळवून पडलीये असं ऐकलं की समजायचं कॅल्शियम उतरलंय, तिला संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही. तसंच डावी भकाळी फुगलीये आणि श्वास जोरात चाललाय, तेही ताबडतोब. बारा तास होऊन गेले आणि वार पडली नाही, तर ते लिहून घ्या, पण मालकाला बजावून सांगा की ओढायची नाही आणि तिला दगड बिगड बांधायचा नाही, आतून फाटतं आणि गाय पुढं गाभण राहायची पंचाईत होते.

आपल्या भागात दोन प्रश्न जास्तीचे. पहिला कांद्याचा. भाव पडला की चाळीतला सडका, कोंब फुटलेला कांदा जनावरांपुढं पडतो, लासलगाव-येवला पट्ट्यात हे कुणाला सांगायला नको. जास्त कांदा पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळपट लाल होते, पण हे त्याच दिवशी नाही, काही दिवसांनी दिसतं, म्हणून "आज काय खाल्लं" एवढंच विचारून चालत नाही, "या आठवड्यात कांदा घातला होता का" असं विचारा. गोचीड तापातही लघवी लालच होते आणि दोन्हीचा इलाज वेगळा, त्यामुळं हे उत्तर डॉक्टरांना फार कामाचं असतं. दुसरा प्रश्न फवारणीचा, द्राक्षबागेच्या कडेचं गवत कापून घातलं का, बॅरलमधलं पाणी प्यायली का. लाळ गळतीये, अंग थरथरतंय म्हटलं की औषधाची रिकामी बाटली हाताशी ठेवायला सांगा, लेबलवरून इलाज ठरतो. आणि विचारताना आवाज नीट ठेवा हो, "कांदा कशाला घातला" असं खेकसलात की पुढच्या वेळी तो माणूस खरं सांगणारच नाही.

जनावर दवाखान्यात आलं की लगेच खोड्यात घालू नका. उन्हातून टेम्पोत आलेल्या गाईचं टेम्परेचर असंही चढलेलं असतं, तिला सावलीत जरा थांबू द्या, मग गुदद्वारात थर्मामीटर लावा. मोठ्या गाईचं साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट धरतात. थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधलेला असू द्या. तुम्ही उभं राहायचं ते गाईच्या खांद्याजवळ, अंगाला लागून, आणि आधी आवाज देऊन.

औषध पाजण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. जीभ बाहेर ओढून, तोंड आभाळाकडं करून बाटली रिकामी करायची पद्धत गावोगाव आहे आणि त्यात औषध फुप्फुसात जाऊन चांगली जनावरं दगावतात. डोकं पाठीच्या लेव्हलला, घोट घोट, ठसका आला की लगेच सोडायचं. आणि कॅल्शियम उतरून आडव्या पडलेल्या गाईला तोंडानं काहीच नाही, तिला गिळताच येत नसतं, हे फोनवरच सांगून टाका.

फ्रीज २ ते ८ डिग्रीवर, लस दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्यात तर नाहीच, लाळ्या खुरकुताची लस गोठली की वाया गेली. गाय भरवायच्या (कृत्रिम रेतनाच्या) वीर्याच्या कांड्या ज्या भांड्यात गार ठेवतात, त्यातलं पातळ नायट्रोजन काठीनं मोजत राहा. उधारीची वही वेगळी ठेवा, दुधाचा पगार झाला की लोक देतात.

डॉक्टर नसताना "तूच एक टोच ना" म्हणणारे रोज भेटतील. नाही म्हणा. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानं इलाज करायचा हक्क नोंदणी असलेल्या डॉक्टरांचा आहे, तुमचं काम त्यांच्या हाताखाली. कुणी मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक (दुखणं-सुजेवरचं औषध) घेऊन आला तर तेही परत पाठवा. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात, आणि आपल्या अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं आहेत, ती राहायला पाहिजेत. अँटिबायोटिक दिलं असेल तर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, तोंडी सांगितलेलं घरी जाईपर्यंत विसरतं.

शेवटी स्वतःचं. कामाला लागायच्या आधी रेबीजची लस घ्या. गाय लाळ गाळतीये, गिळत नाही, सारखी हंबरतीये, आणि मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, तर उघडा हात तोंडात घालायचा नाही, आधी कुत्रं चावलं होतं का विचारा. चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. गाभडलेल्या गाईची वार, मेलेलं वासरू, सगळं ग्लोव्हज घालूनच उचला आणि चुना टाकून खोल पुरा, ब्रुसेला, म्हणजे गाई गाभडवणारा रोग, माणसालाही होतो आणि ताप, सांधेदुखी महिनोन्महिने सुटत नाही. ग्लोव्हजचं खोकं संपत आलं की डॉक्टरांना आदल्या दिवशीच सांगा.