फारसी वेब ॲपचे घटक घडवताना या चुका टाळा

इंग्रजीसाठी बांधलेला इंटरफेस (वापरकर्त्याला दिसणारा पडदा) उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या फारसीत नेताना संपूर्ण पान आरशात धरल्यासारखे उलटवले की काम झाले, असा समज आढळतो आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात. दिशा ही मजकुराची असते. म्हणून ती स्टाइलशीटवर, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइलवर, न सोपवता एचटीएमएलच्या मूळ टॅगवरच 'डिर' या ॲट्रिब्यूटला 'आरटीएल' (उजवीकडून डावीकडे) आणि 'लँग'ला 'एफए' (फारसीचा संकेत) देऊन जाहीर करावी. त्यानंतर मार्जिन-लेफ्टऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट यांसारखे लॉजिकल, म्हणजे डावे-उजवे न म्हणता मजकुराची सुरुवात आणि शेवट मोजणारे, गुणधर्म वापरले, तर एकच घटक दोन्ही दिशांना चालतो. फ्लेक्स या मांडणीपद्धतीतील घटकांची रांग दिशेनुसार आपोआप उजवीकडून सुरू होते. तिला आणखी 'रो-रिव्हर्स' (उलट रांग) लावल्यास ती पुन्हा डावीकडे जाते. घटक आडवा सरकवणारे ट्रान्सलेट-एक्स मात्र दिशा ओळखत नाही, त्यामुळे सरकता ड्रॉवर (कडेने येणारा मेन्यू) उलट बाजूने येत असेल, तर आधी तेथे पाहावे.

सर्वाधिक मनस्ताप मिश्र मजकूर देतो. तेहरानचा दूरध्वनी क्रमांक +९८ २१ असा इंग्रजी अंकांत आणि मध्ये जागा सोडून फारसी परिच्छेदात लिहिला, तर अधिकचे चिन्ह उजव्या टोकाला जाते आणि अंकांचे गट उलट्या क्रमाने दिसतात. डेटाबेसमधील नोंद अगदी बरोबर असते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे मानक, याच्या द्विदिश (दोन्ही दिशांचा मजकूर एकत्र मांडण्याच्या) नियमांनुसार ब्राउझरने ती तशी मांडलेली असते. येथे स्ट्रिंग (साठवलेली अक्षरमाला) उलटवून ठेवणे हा घातक उपाय आहे, कारण त्याने चांगली नोंदच बिघडते. दूरध्वनी, ईमेल आणि वेबपत्ता यांच्या इनपुटला 'एलटीआर' (डावीकडून उजवीकडे) द्यावे, तर वापरकर्त्याने लिहिलेले नाव आजूबाजूच्या मजकुरापासून दिशा अलग ठेवणाऱ्या 'बीडीआय' टॅगमध्ये ठेवावे.

शोध चालत नसल्याची तक्रार आली, तर अक्षरे तपासावीत. फारसी 'ये' आणि 'काफ' यांचे युनिकोड क्रमांक अरबी जोडीदारांहून वेगळे आहेत, आणि अरबी कीबोर्डवरून आलेला शब्द डोळ्यांना जवळजवळ तसाच दिसला तरी जुळत नाही. अंकांचेही तसेच आहे: ४, ५ आणि ६ यांची रूपे फारसीत निराळी आहेतच, शिवाय सगळ्या दहा अंकांचे संकेतांक स्वतंत्र आहेत. जावास्क्रिप्टच्या 'नंबर' फंक्शनला फारसी अंक दिले तर 'नॅन' ('हा अंक नाही') मिळते, म्हणून साठवण्यापूर्वीच सर्व अंक एका प्रमाण रूपात आणावेत. मात्र ही साफसफाई करताना शून्य रुंदीची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, अक्षरे सरसकट काढू नयेत. फारसीत नीम-फासेले, म्हणजे अर्धी जागा, त्यांतल्याच एका अक्षराने साधली जाते, आणि ती गेली की क्रियापदाचा 'मी' हा उपसर्ग पुढच्या अक्षरांना चिकटतो. मराठीतील 'वाऱ्या'तला अर्धा र अशाच अदृश्य जोडणीवर टिकवावा लागलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

अक्षरांमधील अंतर वाढवणारा लेटर-स्पेसिंग गुणधर्म शून्यच ठेवावा. जोडलेली अक्षरे त्याने तुटू शकतात. मागे जाण्याचा बाण उलटवावा, पण बरोबरची खूण, घड्याळ आणि व्हिडिओचे प्ले बटण तसेच राहू द्यावे. कॅलेंडरचा आठवडा शनिवारी सुरू व्हावा आणि महिने सौर हिजरी (इराणच्या सौर दिनदर्शिकेचे) असावेत. 'एफए-आयआर' लोकेल (इराणमधील फारसीचा भाषा-प्रदेश संकेत) दिल्यास ब्राउझरचा इंटल हा भाषेनुसार तारीख-अंक दाखवणारा संच तशी तारीख देतो.

कॅरूसेल (आडवी सरकणारी चित्रमाला) जागचा हलत नसेल, तर किती सरकले ते सांगणाऱ्या स्क्रोल-लेफ्टची किंमत पाहावी: आरटीएलमध्ये ती सुरुवातीला शून्य असते आणि डावीकडे सरकताना ऋण होत जाते, त्यामुळे ती धनच असेल असे धरणारी अट कधीच पूर्ण होत नाही. कीबोर्डने टॅब बदलताना डावा बाण पुढच्या टॅबवर गेला पाहिजे, आणि ही चाचणी माउस बाजूला ठेवूनच करावी.