मध्ययुगीन ख्रिस्ती साक्षात्कारी लेखन वाचताय? या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती साधकांचे लेखन हाती घेणारे वाचक बहुधा दोन ठिकाणी अडकतात. काहींना रक्त, जखमा आणि काटेरी मुकुटच दिसतो, मग ते पुस्तक मिटतात. काहींना त्यातली दोन-चार गोड वाक्ये पुरतात. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते: इथे प्रेम आधी आहे आणि यातना त्या प्रेमाच्या उजेडात वाचायच्या आहेत. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या ज्युलियनचे उदाहरण घेऊ, कारण तिच्याबाबत जवळजवळ सगळ्या चुका होतात.

मे १३७३. साडेतीस वर्षांची ही बाई मरणाच्या दारात होती. धर्मगुरूने तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला एकामागून एक सोळा दर्शने झाली. पुढे ती सेंट ज्युलियन चर्चला लागून असलेल्या कोठडीत, साधनेसाठी एकांतवास पत्करून, कायमची राहिली. या दर्शनांवर तिने पुस्तक लिहिले. आपण जे नाव घेतो तेही बहुधा त्या चर्चचेच.

चूक पहिली: तिने दुःख मागितले, म्हणजे तिला दुःखाचा सोस होता

तरुणपणी तिने तीन गोष्टी मागितल्या होत्या, हे खरे. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा जिवंत अनुभव, तिसाव्या वर्षी मरणप्राय आजार आणि तीन जखमा: पश्चात्तापाची, करुणेची आणि देवाच्या ओढीची. यातल्या पहिल्या दोन मागण्या तिने ‘देवा, तुझी इच्छा असेल तर’ या अटीवर केल्या, आणि नंतर त्या विसरूनही गेली. जखमा मात्र विनाअट मागितल्या.

आता पुढचे बघा. दर्शनात क्रूसावरचे शरीर सुकत, काळवंडत जाते, आणि ती सरळ कबूल करते की हे असे असते हे माहीत असते तर मागितलेच नसते. वेदनेची पूजा करणारी बाई असे लिहीत नाही. तिची नजर इतकी धीट आहे की कपाळावरून ओघळणारे रक्ताचे थेंब तिला पावसात वळचणीवरून पडणाऱ्या धारांसारखे आणि गोलाईत हेरिंग माशाच्या खवल्यांसारखे दिसतात. मग त्याच दर्शनात ख्रिस्ताचा चेहरा आनंदाने उजळतो. तो विचारतो, तुझ्यासाठी मी सोसले यात तू समाधानी आहेस ना? आणखी सोसता आले असते तर तेही सोसले असते. यातना केव्हा ना केव्हा संपल्या; ज्या प्रेमापोटी त्या सोसल्या ते प्रेम, तिच्या मते, त्यांच्याहून कितीतरी मोठे आहे. दुसऱ्यांदा वाचताना एवढेच धरून वाचा, रक्ताची वर्णने वेगळी दिसू लागतील.

चूक दुसरी: ‘सगळे ठीक होईल’ हे वाक्य सुटे काढणे

हे वाक्य कपांवर, भेटकार्डांवर, पोस्टरांवर सापडते आणि तिथे ते अगदीच पुळचट वाटते. पुस्तकात ते तिच्या एका तक्रारीला ख्रिस्ताने दिलेले उत्तर आहे. देवाने पाप मुळातच का थोपवले नाही, असा ज्युलियनचा सवाल होता. उत्तर ऐकूनही ती गप्प बसत नाही. इतकी हानी झालेली असताना सगळे ठीक कसे होणार, असे पुन्हा विचारते. तिला पूर्ण खुलासा मिळत नाही. शेवटच्या दिवशी देव एक कृत्य करील, ते काय हे आज गुप्त आहे, एवढेच कळते. हानी तिला अनोळखी नसणार: १३४९ मध्ये नॉर्विचला प्लेगने गाठले तेव्हा ती सहा-सात वर्षांची असणार. तुला वादळे लागणार नाहीत, असे देव म्हणालाच नाही. तू हरणार नाहीस एवढेच म्हणाला, हेही तिने नोंदवून ठेवले आहे.

चूक तिसरी: ‘हे तर आपल्या विठाई माउलीसारखेच!’

ज्युलियन येशूला आई म्हणते, त्यामुळे मराठी वाचक इथे लगेच रमतो. रमायला हरकत नाही, पण तिथेच थांबलात तर निम्मे हुकेल. तिच्याकडे हे मातृत्व त्रैक्यातल्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) दुसऱ्या व्यक्तीचे, म्हणजे पुत्राचे आहे: क्रूसावरच्या वेदना या प्रसूतिवेदना, आणि आई दूध पाजते तसा तो मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत, स्वतःच अन्न होतो. हा संदर्भ काढला तर उरते फक्त वात्सल्य.

चूक चौथी: तापातले बरळणे म्हणून सोडून देणे

ही शंका पहिल्यांदा तिलाच आली. आज मी बरळले, असे तिने भेटायला आलेल्या एका धर्मगुरूला सांगितले. तो खळखळून हसला. पण क्रूसातून रक्त वाहताना दिसले असे ती म्हणताच तो गंभीर झाला, आणि तीच ओशाळली. प्रसंग चार ओळींचा, पण तिची पारख त्यात कळते.

चूक पाचवी: सगळ्यांना एकाच माळेत ओवणे

चौदाव्या शतकातला जर्मन साधक हाइनरिक सूझो अंगावर खिळ्यांचा क्रूस वागवायचा; चाळिशीच्या सुमारास त्याने हे सगळे सोडले आणि साधने पाण्यात टाकली. मार्गरीत पोरेत या फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या साधिकेला तिच्या पुस्तकापायी १३१० मध्ये पॅरिसमध्ये जाळले. ज्युलियनच्या वाट्याला असले काही आले नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

तिच्या पुस्तकाची दोन रूपे आहेत. २५ प्रकरणांचे छोटे आधी वाचा, मग ८६ प्रकरणांचे मोठे. दोन्हींची आधुनिक इंग्रजी भाषांतरे मिळतात. मोठ्यातल्या ५१व्या प्रकरणात, धनी आणि चाकराच्या दृष्टांतात, बहुतेक जण अडकतात. ते प्रकरण गाळू नका, सावकाश वाचा. दर्शनानंतर वीस वर्षांना तीन महिने कमी असताना कुठे तो दृष्टांत तिला उलगडू लागला, आणि छोट्या रूपात तो तिने घेतलेलाच नाही.