शाळेचा डबा कोमट भरू नका, आणि या चुकाही टाळा

डबा अर्धवट परत आला की मूल खाण्याचे नखरे करतं असं आपण धरून चालतो. आधी डबा कसा भरला ते बघा. सकाळी साडेसहाला बंद केलेला डबा मूल साडेनऊ-दहाला उघडतं. मधल्या तीन तासांत त्याचं काय होतं, सगळं त्यावरच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तव्यावरची पोळी किंवा पराठा तसाच चळत लावून झाकण ठोकणं. वाफेचं पाणी होतं, खालचा पराठा चिकट होतो आणि त्याला वास धरतो. पराठे जाळीवर एकेक पसरा, पाच-सात मिनिटं निवू द्या, मग कोरड्या सुती कापडात गुंडाळा. निवल्यावर कडक होत असतील तर 1 वाटी कणकेत 1 चमचा तेल आणि 2 चमचे दही घालून कणीक जरा सैल मळा.

प्रश्न नुसत्या चवीचा नाही. साधारण 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. हवा 32 अंशांच्या वर गेली की शिजवलेले ओलसर पदार्थ बाहेर तासभरच ठेवावेत, आणि नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये काय तापतं ते सांगायला नको. म्हणून अन्न एक तर कढत भरा, नाहीतर कोरडं आणि पूर्ण निवलेलं. कोमट कधीच नाही. थर्मासचा डबा असेल तर त्यात आधी उकळतं पाणी 5 मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि वाफाळतं वरण-भात किंवा खिचडी काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा लवकर निवतो. उन्हाळ्यात साध्या डब्यात पनीर, अंडं, ओल्या नारळाची चटणी देऊच नका.

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देणं ही घरोघरची सवय, पण ती धोक्याची आहे. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणीने जात नाही. भात उरलाच तर पसरट ताटात पटकन निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा.

पत्ताकोबी, लौकी यांना पाणी सुटतं आणि पोळी भिजते. मीठ शेवटी घाला, पाणी आटवा, आणि वाटीभर भाजीवर 2 चमचे भाजलेलं बेसन किंवा फल्लीदाण्याचं कूट भुरभुरा. काकडीला मीठ लावू नका, पुसून वेगळ्या डबीत द्या. सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून 5 मिनिटं बुडवा, मग निथळून भरा, काळ्या पडत नाहीत. संत्रं अख्खं देऊ नका. साल सुटी असली तरी लहान मुलाची सुट्टी सोलण्यातच जाते. फाका करून, दोरे काढून द्या.

पराठा आलूचा, सोबत बिस्किटं, म्हणजे डब्यात सगळं पिठूळच. मुगाची धिरडी करून बघा: 1 वाटी मूगडाळ रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी आलं, जिरं, मूठभर सांबार (कोथिंबीर) घालून वाटा आणि पातळ धिरडी घाला. ती गुंडाळी करून कापली की हात न माखता खाता येतात.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे फल्लीदाणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा.

डब्याची रबरी रिंग रोज काढून धुवा आणि उन्हात वाळवा. वास तिथेच मुरतो. आणि नवा डबा घेतला की झाकण मुलाच्या हातून दोन-तीनदा उघडून घ्या. घट्ट झाकणामुळे न खाता आलेले डबेही कमी नसतात.