'कंबरेची गोळी' घेताना या चुका टाळा

"ती द्या ना, मागच्या वेळची, कंबरेची." चिठ्ठी नाही, नाव ठाऊक नाही, खिशात फक्त कापलेल्या पट्टीचा चुरगळलेला तुकडा. बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. असं गिऱ्हाईक आलं नाही असा दिवस आठवत नाही.

कंबरेची अशी वेगळी गोळी नसते. त्या एका गोळीत बहुतेकदा तीन औषधं असतात: वेदनाशामक एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ आणि आखडलेला स्नायू सैल करायला थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८. काहींत त्याच्या जागी क्लोरझोक्साझोन. हे सगळं पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि तेच कोणी वाचत नाही.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो एकच औषध दोन नावांनी घेण्यावर. आमच्याकडचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नातवाच्या बारशाला लोखंडी कॉट एकट्यानं सरकवली आणि कंबर धरली. डॉक्टरांनी वर सांगितलेली गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. दोन दिवसांनी दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहिली, तीही दोन वेळा. काका दोन्ही नेमानं घेत होते. "एक दातांची, एक कंबरेची, त्यांचा काय संबंध?" असं त्यांचं गणित.

आठव्या दिवशी काकू आल्या. "ह्यांना संडासला डांबरासारखं काळं होतंय हो, आणि उठलं की गरगरतं." मी म्हटलं, घरातल्या असतील तेवढ्या गोळ्या घेऊन या. किराण्याच्या पिशवीतून पट्ट्या काउंटरवर ओतल्या. दातांच्या गोळीतही एसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५, फक्त स्नायूच्या औषधाऐवजी सूज उतरवणारं सेराशिओपेप्टिडेज. म्हणजे काकांच्या पोटात रोज ४०० मिलिग्रॅम एसिक्लोफेनॅक जात होतं. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २००. वर बीपीची टेल्मिसार्टनची गोळी, लघवी वाढवणाऱ्या औषधासकट. या दोन्हींवर वेदनाशामक पडलं की मूत्रपिंडाची कोंडी होते. जठरातून रक्त जात होतं, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलेलं निघालं. पाच दिवस दवाखान्यात होते, सुधारले.

त्यातली दातांची पट्टी माझ्याच दुकानातली होती. गोळ्या कापून दिल्या तेव्हा नावाचा भाग माझ्याकडे राहिला आणि मी "दुसरं काही चालू आहे का?" असं विचारलं नाही. तेव्हापासून पट्टी कापली की पाकिटावर आतली औषधं पेनानं लिहून देतो. मागे रांगेतले लोक चुळबुळ करतात. करू देत. तुम्हीही नवीन गोळी घेताना जुन्या पट्ट्यांचा मोबाईलवर फोटो काढून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी खोड उतावळ्यांची. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उतार पडला नाही की दुसरी. गोळी म्हणजे लाइटचं बटण नाही, गुण यायला तास-दीड तास लागतो. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितली असेल तर मध्ये बारा तास जाऊ द्या. आणि चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. चार घास भाकरी-भाजी पोटात गेल्यावर गोळी घ्या. "गॅसची गोळी घेतलीय ना सोबत!" घेतली असेल, पण ती जठराला थोडंफार सांभाळते, मूत्रपिंडाला नाही.

गोळी घेऊन लगेच मोटारसायकल काढू नका, क्लोरझोक्साझोननं तर चांगलीच गुंगी येते. (त्यानं लघवी नारिंगी-लालसर झाली तर घाबरू नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र बंद करा आणि डॉक्टर गाठा.) दारूसोबत तर नकोच नको.

महिनोन्महिने घेणारेही आहेत. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी थायोकोल्चिकोसाइडच्या गोळीला सात दिवसांची मर्यादा घातली, कारण शरीरात त्यापासून बनणारा एक घटक पेशीतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. सोळा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना ते चालत नाही. आणि आमच्याकडे सुनेची पट्टी सासू घेते, सासूची शेजारीण.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर ही गोळी मागूच नका. डेंग्यू निघाला तर एसिक्लोफेनॅकसारख्या औषधानं रक्तस्राव वाढू शकतो. तोवर साधं पॅरासिटामॉल, तेही मापात.

कंबरदुखीसोबत पाय बधिर पडला, जांघेत मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर माझ्याकडे गोळी मागायला येऊ नका. दुकानासमोरच रिक्षा उभ्या असतात, थेट मोठ्या दवाखान्यात जा.