वणव्यानंतर प्राणी खरंच सावरलेत का, हे कसं ओळखायचं

वणवा विझल्यावर पहिली फेरी मारायची ती वाचलेल्यांच्या शोधात. मेलेले दिसतातच. मी आधी जमिनीकडे बघतो: बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती, राखेवरचे ठसे, ओंडक्याखाली उरलेली ओल. माती उष्णता फार खोल जाऊ देत नाही, त्यामुळे बिळातले बरेचदा तगतात. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा स्फोटाच्या पट्ट्यातली हरणं आणि एल्क (हरणांचेच मोठे भाऊबंद) गेली. जमिनीखालचे काही गोफर, म्हणजे बिळं खणणारे उंदरासारखे प्राणी, मात्र वाचले. बिळं खणताना त्यांनी राखेखालची जुनी माती वर आणली आणि रोपांना मूळ धरायला जागा झाली.

मग मोजणी. इथे घाई नको. झुडपं जळाली की लांबवरचा प्राणीही सहज नजरेत येतो, आणि काल दोन दिसायचे तिथे आज पाच दिसतात. प्राणी वाढलेले नसतात, आडोसा गेलेला असतो! म्हणून एकच वाट, एकच वेळ ठरवा आणि प्रत्येक प्राणी किती अंतरावर दिसला तेही लिहा. शेजारचा न जळालेला तुकडाही तसाच मोजा. नाहीतर एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तरी खापर वणव्यावरच फुटेल.

पुढचा प्रश्न, आलेले राहायला आलेत की जेवायला? जळक्या खोडांत किडे अंडी घालतात, अळ्यांवर सुतारपक्षी येतात. उत्तर अमेरिकेतला काळ्या पाठीचा सुतार तर अशा ताज्या जळक्या रानातच जोमाने वाढतो, आणि काही वर्षांत अळ्या संपल्या की ओसरतो. त्याचा आकडा घसरला म्हणून रान बिघडलं असं नाही. बाकीच्यांच्या बाबतीत माझा भरवसा पिल्लांवर. माद्यांबरोबर यंदाची पिल्लं आहेत का, आणि त्यातली किती वर्षभर टिकली, हे बघा.

चाऱ्याच्या टंचाईचा एक तरी हंगाम उलटेपर्यंत निकाल देऊ नका. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या आगीत काही शे एल्क मेले. चारा जळालेला आणि थंडी कडाक्याची, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात त्याहून कितीतरी जास्त गेले.

आणि फेरीत काहीच दिसलं नाही तर तारखेपुढे शून्य लिहा. रकाना कोरा सोडलात तर नंतर वाचणाऱ्याला कळत नाही, प्राणी नव्हते की तुम्हीच गेला नव्हतात.