एकाच वारंवारतेवर दोन संदेश: पीळदार रेडिओलहरींच्या प्रयोगात या चुका टाळा

जून 2011 मध्ये व्हेनिस येथे 2.414 गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवरून दोन वेगळे संकेत 442 मीटरवर पोहोचवण्यात आले. त्यांतील एक लहर साधी होती आणि दुसरीला कोनीय संवेगाचा पीळ होता, म्हणजे अक्षाभोवती एक फेरी घेतली की तिची फेज (आवर्तनातील स्थिती) पूर्ण 360 अंशांनी बदलत होती. हे वाचून प्रयोगाला बसणारे विद्यार्थी बहुधा असे गृहीत धरतात की पीळ वाढवत गेले की वाहिन्याही आपोआप वाढतील.

सर्वांत महागात पडते ती हीच समजूत. पीळदार झोताच्या मधोमध ऊर्जा नसते. ती भोवतालच्या कड्यात असते, आणि हे कडे अंतराबरोबर रुंदावत ग्राहक अँटेनाच्या बाहेर निघून जाते. दूरच्या टप्प्यात, पीळ देणारी आणि ओळखणारी अशी दोन्हीकडची अँटेनांची वर्तुळे तीच ठेवून अंतर दुप्पट केले, तर साध्या लहरीची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते, एका पिळाच्या लहरीची सोळाव्या आणि दोन पिळांच्या लहरीची चौसष्टाव्या हिश्श्यावर. म्हणून जोडणीआधी दोन्ही वर्तुळांच्या त्रिज्यांच्या गुणाकाराला तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागून पाहावे. दोन्हीकडे अर्धा मीटर त्रिज्या घेतली, तर 2.414 गिगाहर्ट्झवर हा भागाकार 2 मीटरवर सुमारे एक येतो आणि 20 मीटरवर एक दशांश उरतो. तो इतका लहान असताना वरच्या पिळांच्या मागे लागू नये. 2014 मध्ये 28 गिगाहर्ट्झवर सेकंदाला 32 गिगाबिट पाठवले गेले, पण तेही 2.5 मीटरवर. एकाहून अधिक अँटेनांच्या नेहमीच्या मायमो तंत्रापलीकडची क्षमता पिळातून मिळत नाही, हेही 2012 मध्येच गणिताने दाखवले गेले आहे.

दुसरी चूक केबलची आहे. आठ अँटेनांच्या वर्तुळात एका पिळासाठी शेजारच्या दोन अँटेनांत 45 अंशांचा फरक हवा असतो, आणि 2.414 गिगाहर्ट्झवर साध्या कोॲक्स केबलची लांबी एक सेंटिमीटरने चुकली की जवळपास तेवढाच फरक पडतो. केबल फूटपट्टीने मोजून कापून भागत नाही. प्रत्येकीची फेज नेटवर्क ॲनालायझर या फेज मोजणाऱ्या उपकरणावर तपासावी लागते.

पिळाची दिशा अधिक-उणे चिन्हाने लिहितात. याच आठ अँटेनांवर अधिक पाच पीळ मागितला, तर प्रत्यक्षात उणे तीन मिळतो, आणि अधिक चार व उणे चार यांत भेदच राहत नाही. भिंतीवरून किंवा तबकडीवरून परतताना पिळाची दिशा उलटते, हेही चिन्ह लिहिताना विसरू नये.

वाहिन्या एकमेकींत मिसळू लागल्या, तर एका वेळी एकच पीळ पाठवून बाकीच्या ग्राहक वाहिन्यांवर किती शक्ती येते ते नोंदवावे. ती गळती शेजारच्याच पिळांत जास्त असेल, तर आधी दोन्ही वर्तुळे एकाच अक्षावर समोरासमोर आहेत का ते तपासावे, कारण अक्ष थोडा जरी ढळला किंवा तिरका झाला, तरी शक्ती प्रथम तिथेच झिरपते.